गोष्ट संपल्यावर लगेच प्रश्न नकोत

या महिन्यात ‘वाचकांचे प्रश्न’साठी आलेली बहुतेक पत्रं प्राथमिक शाळेतल्या अवांतर वाचनावरची आहेत. मुलांना वाचनाची गोडी लागावी असं वाटत असेल तर आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे बघायला हवं, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, पालकांनीही मोकळेपणाने लिहिलं आहे. मी मुंबईत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर शिक्षकांबरोबर मुलांची पुस्तकं वाचायला बसते. जे सांगते ते त्या कामातून आलेलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

ताई, दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या आणि शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांचं ‘अवांतर वाचन’ या विषयावर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवायचं आहे. जबाबदारी माझ्यावर आलीय. तज्ज्ञ म्हणून कोणाला बोलावू? पीपीटी कुठून मिळेल? याआधीच्या प्रशिक्षणांचा अनुभव असा की दुपारचा चहा झाला की निम्मे शिक्षक घड्याळाकडे बघायला लागतात.
— मुख्याध्यापिका, कुर्ला

बाई, तज्ज्ञ शोधण्याआधी पुस्तकं शोधा. चित्रपुस्तकं, छोट्या गोष्टी, कविता, प्राणी-यंत्रं-माणसं यांची माहिती देणारी पुस्तकं अशी शंभरेक गोळा झाली की तुमच्या दिवसाची मुख्य तयारी झाली. पीपीटी नसली तरी चालेल.

‘मुलांनी वाचायला हवं’ हे शिक्षकांना पटवत बसायची गरज नसते. ते त्यांना पटलेलंच असतं. अडतं ते निराळ्या ठिकाणी. आपल्यातल्या बहुतेकांनी मुलांचं शेवटचं पुस्तक वाचलं ते स्वतः मूल असताना. पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली आणि हातात राहिली पाठ्यपुस्तकं, टाचणवही आणि भरून द्यायचे तक्ते. मराठीत मुलांसाठी मधल्या काळात किती तऱ्हांची पुस्तकं आली, ती कशी दिसतात, त्यांत मुलं कशी बोलतात, हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. मग चौथीतला एखादा मुलगा दिवसभर क्रिकेटबद्दलच बोलत असेल, तर ‘हे वाचून बघ, तुला आवडेल’ असं म्हणून त्याच्या हातात काय ठेवायचं, हे त्या शिक्षकाला कुठून सुचणार?

ही अडचण आपल्याच शिक्षकांची आहे असं नाही. इंग्लंडमध्ये शिक्षण-संशोधक तेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ मध्ये १,२०० प्राथमिक शिक्षकांना मुलांसाठी लिहिणारे सहा चांगले लेखक, सहा कवी आणि सहा चित्रपुस्तककार यांची नावं विचारली. २४ टक्के शिक्षकांना एकाही चित्रपुस्तककाराचं नाव देता आलं नाही. २२ टक्क्यांना एकही कवी आठवला नाही. मुलांच्या पुस्तकांची एवढी मोठी परंपरा असलेल्या देशातली ही गोष्ट. त्यानंतर त्यांनी २७ शाळांतल्या ४३ शिक्षकांबरोबर वर्षभर काम केलं. शिक्षक आधी स्वतः मुलांची पुस्तकं वाचू लागले, त्यांबद्दल एकमेकांशी बोलू लागले, आपल्या वर्गातली मुलं शाळेबाहेर काय वाचतात हे त्यांनी शोधलं. वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं, मुलांना निवांत वाचायला वेळ देणं, पुस्तकांविषयी सहज गप्पा मारणं, बसायला बरी जागा करणं, या सगळ्याला त्या वाचनाचा आधार होता. आपल्याकडे मात्र शिक्षकाच्या हातात थेट उपक्रमांची यादी पडते आणि त्याचं स्वतःचं वाचन राहूनच जातं.

तेव्हा दिवस असा लावून बघा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ वगळा. त्यात पाऊण तास जातो आणि तो मला वाचनाला हवा आहे. हॉलमध्ये सतरंज्या घाला आणि पुस्तकं मधोमध पसरा. इयत्तेनुसार गठ्ठे लावू नका, नाहीतर पहिलीच्या बाई पहिलीच्याच गठ्ठ्यापाशी बसून राहतील. सांगायचं एवढंच: पाऊण तास वाचायचं, नाही आवडलं तर पुस्तक खाली ठेवून दुसरं घ्यायचं.

पहिली दहा मिनिटं अवघडलेली जातील हे आधीच सांगून ठेवते. कुणी पानं भराभर उलटून ‘झालं’ म्हणेल. कुणी विचारेल, ‘मॅडम, टिपणं काढायची का?’ नको म्हणा. कुणी नुसता मजकूर वाचेल आणि चित्रांवरून नजर तशीच पुढे जाईल, कारण चित्रंही वाचायची असतात हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. अशा शिक्षकाशेजारी जाऊन बसा आणि एखाद्या चित्रातला कोपरा दाखवा, जिथे मजकुरात नसलेलं मांजर पानोपानी निराळंच काही करत असतं. तो मागे जाऊन पुस्तक पहिल्यापासून बघायला लागतो. थोड्या वेळाने हॉलमध्ये कुणीतरी हसतं आणि शेजारच्या बाईंना कोपराने ढोसून पान दाखवतं. मी ज्या ज्या शाळांत हे केलंय तिथे हे घडलेलं आहे, आणि तिथून पुढे घड्याळाकडे कुणी बघत नाही.

मग बोलायला बसा. एडन चेंबर्स या इंग्लिश लेखकाने, जो आधी शिक्षक होता, पुस्तकावर बोलण्यासाठी चार साधे प्रश्न सुचवले आहेत: काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे कोडं पडलं, आणि काही पुन्हा पुन्हा येतंय किंवा एकमेकांशी जुळतंय असं जाणवलं का. यांतल्या कशालाच बरोबर किंवा चूक उत्तर नाही. शिक्षकांना त्याची सवय नसते. आपण उत्तर देतो आणि लगेच मार्गदर्शकाच्या चेहऱ्याकडे बघतो. तुम्ही मान डोलावू नका, ‘छान’ही म्हणू नका, ‘अजून कुणाला काय वाटलं?’ एवढंच विचारा. एकाला आवडलेलं पुस्तक दुसऱ्याला मुळीच आवडलेलं नसतं आणि त्यावर खरा वाद होतो. मुलांनाही असा वाद घालता यावा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

जेवणानंतर मोठ्याने वाचायचा सराव. चार-चारचे गट, प्रत्येकाने एक चित्रपुस्तक बाकीच्या तिघांना वाचून दाखवायचं. हे लाजवणारं वाटतं, म्हणून पहिलं पुस्तक तुम्ही स्वतः वाचा. बाकीच्यांनी चुका काढायच्या नाहीत, फक्त सांगायचं की ऐकताना कुठे पुढचं पान उलटावंसं वाटलं.

शेवटी प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचं आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला वर्गात वाचणार हे कागदावर लिहून जायचं. त्या कागदाचं पुढे काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा जोर पंधरवड्यात ओसरतो. तुमच्या मासिक बैठकीत किंवा शिक्षण परिषदेत वीस मिनिटं राखून ठेवा: एक पुस्तक, ते कुणी वर्गात वाचलं, मुलं काय म्हणाली. पाच-सहा महिने हे टिकलं तर तुमच्याच शाळेत पुस्तकं जाणणारी माणसं तयार होतील आणि बाहेरचा तज्ज्ञ लागणार नाही. अहवालाला फोटो लागेल तो काढा, पण वाचणाऱ्याला ‘इकडे बघा’ म्हणू नका.

पुस्तकं कुठून आणायची, तेही लिहिते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली मराठी पुस्तकं कमी किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात, आणि त्यांवर पातळीही दिलेली असते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला आहेत. उरलेली पुस्तकं शिक्षकांच्या घरांतून येतील. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांच्या माळ्यावर एक तरी खोकं असतं.

ताई, माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, पट ४२. अर्धी मुलं अजून जोडाक्षरांपाशी अडतात. घरी कुणाकडे हिंदी, कुणाकडे भोजपुरी, कुणाकडे उर्दू. निपुण भारत या सरकारी अभियानातली वाचनाची पडताळणी तोंडावर आहे. अशा वेळी आनंदासाठी वाचन कुठे बसवायचं? आधी वाचता तर येऊ दे, असं मला वाटतं. माझं चुकतंय का?
— शिक्षिका, गोवंडी

तुमची घाई मला समजते. निपुण भारतचं लक्ष्य तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचं आहे आणि तुमचा वर्ग त्यावर मोजला जाणार. अक्षरांचा, काना-मात्रांचा, जोडाक्षरांचा रोजचा सराव सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या मुलाला वाचताच येत नाही त्याला वाचनात आनंद कुठून मिळणार? मला हरकत आहे ती ‘आधी’ या क्रमाला. आधी वाचता येऊ दे, मग गोष्टी, असं म्हणता म्हणता मुलं पाचवीला जातात आणि गोष्टी राहून जातात.

दोन्ही एकाच दिवशी करता येतं, कारण सराव मूल करतं आणि गोष्ट तुम्ही वाचता. मुलाच्या कानावरून न गेलेला शब्द अक्षरं जोडूनही त्याच्या ओळखीचा होत नाही. पाठात ‘पागोळ्या’ आलं की तुमचा मुलगा पा-गो-ळ्या असं बरोबर वाचेल आणि पुढे जाईल. तोच शब्द तुम्ही पावसाच्या गोष्टीत वाचलात, चित्रात छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारांवर बोट ठेवलंत, तर तो म्हणेल, ‘टीचर, हमारे पत्रे से भी ऐसाच गिरता है.’ त्याला म्हणू द्या. लगेच मराठीत वाक्य करून घेऊ नका. गोष्ट मराठीत ऐकून तो हिंदीत सांगत असेल तर ती त्याला कळलेली आहे. मराठी शब्द हळूहळू त्याच्या बोलण्यात येतील, आणि ते गोष्टींतूनच येतील.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. आदल्या दिवशी पुस्तक घरी एकदा मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. ४२ मुलं एका पुस्तकाभोवती मावत नाहीत. दोन गट करा: एक गट जागेवर लेखनाचा सराव करेल, दुसरा पुढे जमिनीवर तुमच्याजवळ बसेल, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पुस्तक खालून मधोमध, शिवणीपाशी धरा आणि खांद्याच्या बाजूला न्या, म्हणजे पानं मुलांकडे राहतात आणि तुम्हाला तिरक्या नजरेने मजकूर दिसतो. दुसरा हात मोकळा ठेवा, तो पान उलटायला. मुखपृष्ठावरचं लेखकाचं आणि चित्रकाराचंही नाव वाचा. ही पुस्तकं आपल्यासारखी माणसं करतात हे मुलांना कळू दे. आवाज नाटकी करायची काही गरज नाही. हळू वाचा, पान उलटण्याआधी थांबा, चित्र बघायला वेळ द्या. मुलं मध्येच बोलतील. ती गोष्टीविषयी बोलत असतील तर ऐका आणि पुढे चला.

गोष्ट संपली की पुस्तक मिटा आणि गप्प राहा.

हे आपल्याला सगळ्यांत जड जातं. ‘मग मुलांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं. मी याबद्दल आग्रही आहे, कारण याचं काय होतं ते मी वर्गावर्गांत पाहिलंय. दर गोष्टीच्या शेवटी प्रश्न येणार हे कळलं की मूल त्या प्रश्नासाठी ऐकायला लागतं. पात्राचं नाव काय, ते कुठे राहायचं, तात्पर्य काय, हे पकडून ठेवायच्या नादात त्याला गोष्टीत शिरता येत नाही. आणि ज्या मुलाला उत्तर येत नाही, त्याच्यासाठी गोष्टीचा तासही नापास होण्याचा तास होतो. आकलन तपासायचं ते पाठ्यपुस्तकाच्या तासाला तपासा, तिथे ते योग्यच आहे. ही दहा मिनिटं तशीच सोडा. शांतता असह्य झाली तर मुलंच काहीतरी बोलतात, आणि बहुतेक वेळा ‘बाई, परत वाचा’ म्हणतात. परत वाचा.

मग ते पुस्तक मुलांच्या हाताशी ठेवा. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी ते उघडून, तुमच्याच चालीवर, पाठ झालेली वाक्यं म्हणत पानं उलटेल. ‘तू वाचत नाहीयेस, पाठ म्हणतेयस’ असं तिला सांगू नका. पाठ असलेलं वाक्य आणि समोर छापलेले शब्द यांची गाठ तिथेच पडते. जोडाक्षरांपाशी अडलेली कितीतरी मुलं मी अशीच सुटताना पाहिली आहेत.

आमच्या शाळेत तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत. दिली की फाटतात, हरवतात आणि साठा नोंदवहीत माझी सही असते. शिवाय इमारत दोन सत्रांत चालते, दुपारी याच वर्गांत दुसऱ्या माध्यमाची शाळा भरते. वाचनकोपरा करायचा तरी कुठे?
— मुख्याध्यापक, घाटकोपर

सर, तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावर कागदोपत्री इलाज आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या: मुलांच्या रोजच्या वापरात काही पुस्तकं जीर्ण होतील, काही हरवतील, त्यांचं वर्षअखेरीस रीतसर निर्लेखन करू, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करू. इतिवृत्तात हे नोंदवा आणि वरिष्ठांना त्याची प्रत देऊन ठेवा. मग ते ओझं तुमच्या एकट्याच्या सहीवर राहत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट म्हटलेलं आहे. कुलुपातली पुस्तकं नोंदवहीत सुरक्षित राहतील, पण कायद्याला अपेक्षित असलेलं ग्रंथालय काही त्यांतून होत नाही.

दोन सत्रांच्या इमारतीत पक्का वाचनकोपरा होत नाही, हे मुंबईतल्या कितीतरी शाळांचं दुखणं आहे. जाड कापडाची लांब पट्टी घ्या, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचे खिसे शिवून घ्या, एका पट्टीत वीसेक पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी बसतात. सकाळी खिळ्याला टांगायची, शाळा सुटताना गुंडाळून कपाटात. चौथीतली मुलं हे काम आनंदाने करतात. देवघेवीची वहीही त्यांच्याकडे द्या: तारीख, नाव, पुस्तक, बस. पालकांची सही मागू नका, त्यात निम्मी पुस्तकं अडकतात. मुखपृष्ठ दिसणं महत्त्वाचं आहे. कपाटातल्या उभ्या कण्यांवरून सात वर्षांचं मूल पुस्तक निवडू शकत नाही.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद आणखी खराब करते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, सर्वांत खालचा खण रिकामा ठेवा, आणि उघडीप मिळाली की दारं उघडून वारा लागू द्या.

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. त्याच्या नव्या टीचर रोज वर्गात गोष्टीचं पुस्तक वाचतात. तो घरी येऊन गोष्टी सांगतो हे चांगलंच आहे, पण वह्या कोऱ्या दिसल्या की काळजी वाटते. स्पर्धेच्या युगात हे परवडेल का?
— एक आई, लालबाग

तो घरी येऊन गोष्ट सांगतो, यात त्याने किती केलंय बघा. लक्ष देऊन ऐकलं, क्रम लक्षात ठेवला, स्वतःचे शब्द शोधले आणि जो माणूस तिथे नव्हता त्याला समजेल असं मांडलं. हे वहीत दिसत नाही, म्हणून ते झालं नाही असं होत नाही.

आणि स्पर्धेचं म्हणाल तर, २००० साली पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांचं वाचन तपासलं होतं. आईवडिलांची नोकरी-व्यवसायातली स्थिती सर्वांत साधी, पण स्वतः आवडीने भरपूर वाचणारी, अशा मुलांना सरासरी ५४० गुण होते. आईवडील सर्वांत वरच्या स्थितीतले, पण स्वतः वाचनाची ओढ नसलेली, त्यांना ४९१. चाळीतल्या आपल्या घरांसाठी याहून आशेची आकडेवारी मला माहीत नाही.

आपल्याकडे हा विचार जुनाच आहे. गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला पहिल्यांदा वश करतो तो गोष्टीने, आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचं ग्रंथालय उभं करतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं, म्हणजे तुमच्या लालबागपासून किती जवळ! तुमच्या मुलाच्या टीचर त्याच वाटेने चालल्या आहेत. त्यांना भेटाल तेव्हा वह्यांचं जरूर विचारा, पण आधी सांगा की घरी गोष्टी पोचतात. हे त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी एखादा नवा उपक्रम सुचवा.
— शिक्षक, भांडुप

त्या दिवशी एक अख्खा तास शाळेतल्या प्रत्येकाने आपल्याला हवं ते वाचावं. मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी, खिचडी घेऊन येणाऱ्या ताईंनी आणि शिपाईमामांनीसुद्धा. प्रतिज्ञा, भाषण, पुस्तकदिंडी काही नको. कलामसाहेबांच्या जन्मदिवशी हा दिवस २०१५ पासून आपण पाळतो. त्या दिवशी मुलांना खरोखर वाचायला मिळालं तर फार झालं. आणि १६ तारखेलाही दहा मिनिटं ठेवा.

हे सार्वजनिकपणे विचारायला संकोच वाटतो. मी बारा वर्षं प्राथमिक शिक्षिका आहे आणि मी स्वतः वाचत नाही. टिटवाळ्याहून येते, सकाळची ५.४० ची लोकल, घरी जाऊन स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, मध्येच निवडणुकीचं काम. मुलांना ‘वाचा’ म्हणताना मला खोटं वाटतं. मी काय करू?
— शिक्षिका, मुलुंड

बाई, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मी तुमचं पत्र सगळ्यांत जपून ठेवलंय. तुमच्यासारखे शिक्षक फार आहेत आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. शिक्षकाच्या दिवसात वाचनाला जागा ठेवायचा विचार कुठल्याच आदेशात होत नाही. प्रशिक्षणात वाचनाचे तास हवेत असं मी पुन्हा पुन्हा म्हणते ते याचसाठी. तो वेळ कामाचा भाग म्हणून मिळायला हवा, तुमच्या झोपेतून काढलेला नको.

तोवर कादंबऱ्या वाचायचं ओझं घेऊ नका. मुलांचीच पुस्तकं वाचा. चोवीस पानांचं चित्रपुस्तक ठाण्यापासून मुलुंडपर्यंत वाचून होतं. पहाटेच्या लोकलला बसायला मिळत असेल तर पिशवीत एक पुस्तक ठेवा, शाळेतल्या कपाटातलंच. वर्गात गेल्यावर ते मुलांना दाखवा आणि जे वाटलं ते खरं सांगा: ‘हे मी आज गाडीत वाचलं. शेवट मला आवडला नाही. तुम्हाला कसा वाटतो बघा.’ बाईंना एखादं पुस्तक आवडलं नाही आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं, हे मुलांसाठी नवीन असतं. दुसऱ्या दिवशी चार मुलं त्या पुस्तकाचा शेवट वाचायला झटापट करतील.

आठवड्यातून एकदा मुलांकडून शिफारस मागा. ‘मी उद्या गाडीत काय वाचू?’ असं विचारा आणि जे देतील ते खरंच वाचून या, कारण मुलं दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा तेच विचारतात. मुलगी घरी आहे असं लिहिलंत. तिच्या अभ्यासानंतरची दहा मिनिटं तिने तुम्हाला वाचून दाखवायची, तुम्ही भाजी निवडत ऐकायचं. तेही वाचनच आहे आणि त्याला वेगळा वेळ लागत नाही.

तुमच्या शाळेत तुमच्यासारखंच वाटणारी आणखी एक तरी बाई असेल. तिला शोधा. दोघींनी एकच पुस्तक वाचून डब्याच्या वेळी त्यावर बोललात तर पुढचं पुस्तक आपोआप घेतलं जातं. आणि एखादा आठवडा अजिबात वाचून झालं नाही, तर तेही मुलांना तसंच सांगा.

कविता वर्गात कशी वाचावी, चाल लावावी की लावू नये, यावर तीन पत्रं आली आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. तुमच्या वर्गात मुलांनी पुन्हा पुन्हा मागितलेल्या कवितेचं नाव आणि इयत्ता कळवलीत तर मला मदत होईल.